फिल्मच्या डब्यांची कस्टममधून सुटका

राळेगणसिद्धीत अण्णा हजारे 1975 साली परतले आणि पाणलोटाचं काम उभं राहिलं. ते बघायला पुढच्या काळात देशोदेशीची माणसं आली. नालाबांध, पाझर तलाव, यादवबाबांच्या देवळाजवळ जमलेला गाव असं बरंच काही त्यांनी कॅमेऱ्यात धरलं आणि डबे घेऊन ती मायदेशी गेली. त्यातली काही आता हयात नाहीत. मुलांना माळ्यावर डबे सापडतात, मग गावाकडे विचारणा होते, ‘हे तुमचं आहे, पाठवू का?’ अशाच एका घरून निघालेले 16 मिमी फिल्मचे डबे मुंबईच्या कस्टममधून सोडवून पारनेर तालुक्यातल्या या गावात आणायचं काम माझ्याकडे आलं.

सहार विमानतळाच्या कार्गो भागात क्लिअरिंग एजंटच्या कचेरीत बसलो होतो. हा गृहस्थ या कामात मुरलेला. चित्रात काय आहे हे त्याने विचारलंच नाही. पहिला प्रश्न होता, “फिल्म धुतलेली आहे ना?” चित्रीकरण झालेली पण न धुतलेली फिल्म सीमाशुल्काच्या दरपत्रकात 3704 या शीर्षकाखाली येते, धुतलेली 3706 खाली. फरक नुसत्या आकड्याचा नाही. न धुतलेल्या फिल्मचा डबा तपासणीच्या टेबलावर उजेडात उघडला की त्यातलं चित्र कायमचं गेलं. क्ष-किरणांचाही तिला धोका. त्यामुळे डब्यावर ठळक अक्षरांत तसं लिहिलेलं नसेल, तर इथल्या कुणालाही दोष देता येत नाही.

दुसरा प्रश्न होता रुंदीचा आणि लांबीचा. 35 मिमी आणि त्याहून रुंद फिल्म एका पोटशीर्षकात, बाकीची दुसऱ्यात. आणि मोजणी मीटरमध्ये. दरपत्रकातल्या नोंदी वाचताना मी थांबलोच. 35 मिमीच्या कथापटात कृष्णधवल आणि रंगीत असे भाग, त्यात पुन्हा 4,000 मीटरच्या आतला आणि बाहेरचा असा भेद. मिनिटाला सत्तावीस-साडेसत्तावीस मीटर फिल्म प्रोजेक्टरमधून जाते, म्हणजे हे चार हजार मीटर सुमारे दोन तास पंचवीस मिनिटांचे. आपल्या 16 मिमीला मिनिटाला अकरा मीटर लागतात. चारशे फुटी डबा म्हणजे साधारण 122 मीटर, अकरा मिनिटांचं गाव. एजंटने टोकाची कोरी पट्टी बोटावर गुंडाळून कडेची छिद्रं पाहिली, डबा नाकाशी नेला आणि पटकन झाकण लावलं. आंबूस वास येत होता. जुन्या अ‍ॅसिटेट फिल्मचा पाया सडू लागला की असा व्हिनेगरचा वास सुटतो आणि एका डब्याची वाफ शेजारच्यालाही बाधते.

अडलं ते भलतीकडेच. पाठवणाऱ्यांनी भल्या मनाने बिलावर ‘गिफ्ट’ लिहिलं होतं आणि किमतीच्या रकान्यात शून्य. “गिफ्ट लिहिलं म्हणून सुटत नाही हो आता,” एजंट म्हणाला. खरंच आहे ते. डिसेंबर 2019 पासून कुरिअर किंवा टपालाने येणाऱ्या भेटवस्तूंची शुल्कमाफी बंद झाली. राखी आणि जीवरक्षक औषधं एवढाच अपवाद राहिला. पूर्ण शुल्क भरलं तर भेट येऊ शकते, पण शुल्क ठरायला किंमत हवी. आणि घरातल्या आठवणीची किंमत काय लावायची? असोसिएटेड सिमेंट कंपनीज प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2001 साली सांगितलं की कागदावर किंवा डिस्कवर आलेलं ज्ञान हाही मालच, त्याचं मोल धरावं लागेल. विक्रीच्या चित्रपटासाठी ते योग्यच वाटतं. जुन्या हौशी फिल्मला मात्र बाजार नसतो. म्हणून फिल्म हौशी आहे, विक्रीसाठी नाही, हक्क कुणाचे आणि अंदाजे मोल किती, हे पाठवणाऱ्याच्या सहीने लिहून मागवलं. आधार-पॅनच्या प्रती दिल्या. डबे सुटले.

हेच चित्र स्कॅन करून इंटरनेटवरून आलं असतं, तर कस्टमशी गाठच पडली नसती. जागतिक व्यापार संघटनेच्या सदस्य देशांनी 1998 साली अशा प्रेषणावर सीमाशुल्क न लावायचं ठरवलं आणि पुढे त्याची मुदत पुन्हापुन्हा वाढवली. तरी मूळ फिल्म हवीच. पुढे अधिक चांगलं स्कॅन करायचं तर ते तिच्यावरूनच होणार.

गावात एक गैरसमज भेटला, तोही सांगतो. कस्टमने सोडलं म्हणजे दाखवायला परवानगी मिळाली, असं नाही. चित्रपट आणायला परवाना लागत नाही, पण सार्वजनिक प्रदर्शनासाठी 1952 च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याखाली सेन्सॉर बोर्डाचं प्रमाणपत्र लागतं. देवळापुढे पडदा लावण्याआधी ते बघायला हवं.

परदेशातल्या आपल्या माणसांना विनंती आहे. आपल्या गावांची अशी फिल्म कुणाकडे आढळली, तर आधी तिथेच स्कॅन करून घ्या. मग डबा पाठवताना बिलावर साफ लिहा: धुतलेली फिल्म, रुंदी, मीटर, साल, गाव, विक्रीसाठी नाही, आणि खरी वाटेल ती किंमत. शून्य लिहू नका. डबा इकडे आला की पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला विचारा. 1964 पासून फिल्म जतन करण्याचंच काम तिथे चालतं. आणि व्हिनेगरचा वास येत असेल, तर तो डबा बाकीच्यांपासून आजच वेगळा ठेवा.