बाप अनेक, मोहोळ एक

महाबळेश्वरच्या डोंगरातला मुरलेला मधपाळ सातेरी या देशी मधमाशीच्या पेटीतली चौकट उचलून उन्हाकडे धरतो, तेव्हा मधाआधी तो अळ्यांची घरे न्याहाळतो. झाकलेली घरे सलग दिसली की त्याचा जीव भांड्यात पडतो. मधेमधे रिकामी घरे दिसली, तर रोग आहे का, राणी थकली का, हे तो तपासतो. याला आणखी एक कारण असू शकते, आणि मधमाश्यांच्या अभ्यासात त्याइतके विलक्षण प्रकरण दुसरे नसावे.

मधमाश्यांत नर बिनबापाचा असतो. अफलित अंड्यातून नर होतो, फलित अंड्यातून मादी. मग ती कामकरी असो वा राणी. मात्र त्यासाठी लिंग ठरवणाऱ्या एका जनुकाच्या आईकडून आणि बापाकडून आलेल्या प्रती वेगवेगळ्या असाव्या लागतात. त्या सारख्या निघाल्या, तर फलित अंड्यातूनही नरच होतो. अशी अळी अंड्यातून बाहेर पडल्यावर काही तासांतच कामकरी माश्या तिला खाऊन टाकतात, हे पोलंडचे शास्त्रज्ञ येझी वॉयके यांनी १९६३ मध्ये युरोपीय मधमाशीत दाखवले. ते जनुक मार्टिन बाये आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये शोधले. राणी एकाच नराशी जुगली आणि त्याची प्रत तिच्या दोनपैकी एकीशी जुळली, तर निम्मी फलित अंडी वाया जातात आणि चौकटीत मधेमधे रिकामी घरे दिसतात! राणी हवेत उडता उडता अनेक नरांशी जुगते, त्यामुळे हा धोका विभागला जातो. सातेरीच्या राणीच्या बाबतीत ही संख्या दहाच्या पुढे सहज जाते.

पण आसपासचे सगळे नर एकाच घराण्यातले असतील, तर संख्येचा काय उपयोग? एका जोमदार वसाहतीचे विभाजन करत पेट्या वाढवत नेल्या, की हेच होते. कागदावर वसाहती वाढतात आणि घराणी घटतात.

 

विविधतेची खरी परीक्षा दक्षिणेत झाली. १९९१-९२ च्या सुमारास थाई सॅकब्रूड या विषाणूने केरळ, कर्नाटक आणि तमिळनाडूतल्या सातेरीच्या बहुसंख्य वसाहती संपवल्या. अळीचा कोष होण्याआधीच तिची पाण्याने भरलेली पिशवी होई. तरीही काही वसाहती तगल्या आणि त्यांच्यापासून पेट्या पुन्हा भरल्या. सगळ्या वसाहती एकाच वाणाच्या असत्या, तर तगायला कोण उरले असते?

म्हणूनच जंगलातल्या ढोल्या आणि वारुळांतली सातेरी पेटीतल्या सातेरीइतकीच मोलाची आहे. पोकळ झाले म्हणून हिरड्याचे किंवा जांभळाचे झाड तोडले, की एक घराणे बेघर होते. डोंगरातली काळपट सातेरी आणि मैदानातली पिवळसर सातेरी यांची सरमिसळ करत पेट्या दूरवर पाठवणेही थांबायला हवे. राणी त्याच खोऱ्यातली असावी.

नर कामाचे नाहीत, मध फस्त करतात, म्हणून त्यांची घरे कापून टाकण्याची सवय तर आधी सुटावी. सातेरीत ही घरे ओळखणे सोपे आहे: त्यांच्या टोपीला मधोमध बारीक भोक असते. निदान तीन-चार वेगवेगळ्या ढोल्यांमधून आणलेल्या वसाहतींतली ही घरे विभाजनाच्या हंगामात राखावीत. नव्या राण्या उडतील, तेव्हा त्यांना हवेत परक्या घराण्यातले नर भेटायला हवेत.