आचाऱ्याचा पगार

पहाटे साडेचार

काकड आरतीला निघालेल्या माणसांच्या पावलांनी गल्ली जागी होते, तेव्हा मी माडीवर लॅपटॉप उघडून बसलेला असतो. नरसोबाच्या वाडीत पेढ्याचं दुकान चालवणाऱ्याला स्वतःचा म्हणावा असा वेळ एवढाच, सहाला दूध येईपर्यंतचा. या दीड तासात मी एका प्रोग्रामिंग भाषेचा कंपायलर लिहितो. भाषा माझीच आहे. ‘जर’, ‘नाहीतर’, ‘जोवर’, ‘काम’, ‘दाखव’ अशा मोजक्या शब्दांची. कंपायलर मराठीत लिहिलेला प्रोग्राम वाचतो आणि सी भाषेत उतरवतो. तिथून पुढचं ओझं जीसीसी हा सी भाषेचा तयार कंपायलर वाहतो. ही पळवाट आहे, मान्य. दीड तासात पळवाटाच परवडतात.

आज आठ ओळींचा पगाराचा हिशोब चालवून पाहायचा होता. वरच्या सहा ओळी मी टंकल्या, शेवटच्या दोन दुकानातल्या पंधरा वर्षांपूर्वीच्या फाइलमधून उचलून चिकटवल्या. कंपायलर म्हणाला, ‘ओळ ७: आचाऱ्याचा_पगार हे नाव माहीत नाही.’ आणि तिसऱ्या ओळीत तेच नाव माझ्याकडे बघत होतं. डोळे चोळले, चष्मा पुसला. अक्षर न् अक्षर सारखं.

शेवटी दोन्ही शब्दांचे बाइट मोजले. ‘आचाऱ्याचा’ माझ्या ओळीत २७ बाइटांचा, जुन्या फाइलमधला ३० बाइटांचा. युनिकोडमध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला यूटीएफ-८ पद्धतीत तीन बाइट लागतात, तेव्हा कुठेतरी एक चिन्ह जास्त होतं. सापडलं ते ‘ऱ्या’त. माझ्या कळफलकावर या ‘ऱ’साठी वेगळी कळ आहे. जुन्या टंकणाऱ्याने साधा र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारा एक जोडक घातला होता. पडद्यावर दोन्ही एकच. कंपायलर पडदा बघत नाही.

मी घाईत सोपा उपाय केला. हा जोडक युनिकोडने नावांसाठी ठरवलेल्या चिन्हांत मुळात धरलेलाच नाही, तर दिसेल तिथे गाळून टाकायचा. पुन्हा चालवलं. ‘ओळ ७: आचार्याचा_पगार हे नाव माहीत नाही.’

आमच्या आचाऱ्याचा आचार्य झाला होता! खालून कॅन आपटल्याचा आवाज आला. लॅपटॉप मिटला.

सहा ते अकरा

या वेळाबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. म्हशीच्या पाच लिटर दुधाचा साधारण किलोभर खवा पडतो, आणि तो पडेपर्यंत कढईपासून हलता येत नाही. दूध तळाला धरलं की संपलं. मामा, म्हणजे आमचे आचारी, तीस वर्षं उलथनं फिरवतायत. मंगळवार असल्याने गिऱ्हाईक बेताचं होतं. गुरुवारी आणि पौर्णिमेला वर बघायलाही फुरसत नसते. कवठाची बर्फी मात्र दहालाच संपली.

दुपारी बारा

महापूजेला गर्दी देवळाकडे वळते आणि दुकान ओस पडतं. पेढ्याच्या कोऱ्या खोक्याच्या पाठीवर मी गणितांची झाडं काढतो, कोणती क्रिया कुणाखाली ते दाखवणारी. ‘पगार + भत्ता × दिवस’ हे कंपायलरला डावीकडून उजवीकडे सरळ वाचून चालत नाही, गुणाकार आधी बांधून घ्यावा लागतो. त्यासाठी वॉन प्रॅट यांनी १९७३ साली मांडलेली एक सुटसुटीत रीत आहे. प्रत्येक चिन्हाला वजन द्यायचं, जड चिन्ह शेजारच्याला आपल्याकडे ओढतं. सांगलीला वालचंद महाविद्यालयात शिकताना आयआयटी मुंबईच्या डी. एम. ढमढेरे यांच्या पुस्तकातून मी हा विषय परीक्षेपुरता वाचला होता. खरा कळला तो खोक्यांवर.

माझ्याबरोबर दुकान बघणाऱ्या आबांनी खोकं उचलून पाहिलं. “तुझं यंत्र अजून बेरीजच शिकतंय व्हय?”

मी सांगितलं, जॉन बॅकस यांच्या फोरट्रानचा पहिला कंपायलर १९५७ साली आला, त्याला अठरा माणसांचं वर्षभराचं काम म्हणावं इतके कष्ट पडले होते.

“आन् तू एकटा,” आबा म्हणाले आणि त्याच खोक्यात अर्धा किलो पेढे भरून गिऱ्हाइकाला दिले. माझं झाड कुणाच्या तरी घरी गेलं.

तेवढ्यात मामा गल्ल्यापाशी आले. “दादा, पोरीच्या फीसाठी थोडी उचल पाहिजे हुती.” दिली. वहीत मांडली.

दुपारी तीन

देवळातून पवमानाचं पठण ऐकू येतं. वेदांच्या संहितापाठात शब्द संधीने एकमेकांत मिसळलेले असतात. पदपाठात ते सुटे करून म्हणतात. ऋग्वेदाचा पदपाठ शाकल्यांचा, आणि ते पाणिनीच्याही आधीचे, कारण पाणिनी त्यांचं नाव घेतो. कंपायलरचं पहिलं काम हेच, ओळीतले शब्द सुटे करणं. पाणिनीचं आणि संगणकाचं नातं लोक उठता बसता सांगतात, शाकल्यांची आठवण कुणी काढत नाही. माझ्या मते कंपायलर लिहिणाऱ्याने पहिला नमस्कार त्यांना करावा.

माझा पदपाठ सुरुवातीलाच अडला होता. सी भाषेत ‘हे अक्षर आहे का’ असं विचारायची साधी सोय इंग्रजीपुरती. मी तिथे युनिकोडचा तक्ता आणला, पण ‘अक्षर’ या रकान्यातलीच चिन्हं घेतली. मात्रा त्या रकान्यात नाहीत! ‘पेढे’ वाचताना कंपायलर ‘प’वर थांबला आणि त्याने मात्रेला परकं चिन्ह म्हणून हाकलून दिलं. वाडीत राहून त्याला पेढे वाचता येईनात. मात्रा नावाच्या सुरुवातीला नको पण पुढे चालेल, हा नियम युनिकोडने लिहून ठेवलेला आहे. मी तो आठवड्याने वाचला.

आणि सकाळची चूक मला इथेच, काट्यावर पावशेर तोलताना उमगली. तो जोडक कचरा नव्हता. र आणि य यांच्यामध्ये तोच उभा होता म्हणून आचारी आचारी राहिला. दऱ्यांचा दर्या होण्यातही तेवढंच अंतर आहे. गाळायचं नाही, बदलायचं. र, हलन्त आणि जोडक असे तिघे सलग दिसले की तिथे ‘ऱ’ आणि हलन्त ठेवायचं.

रात्री दहा

धूपारती झाली, शेजारती झाली, दुकानाचं शटर पडलं. बदल सहा ओळींचा होता. शिवाय आजची उचल हिशोबात यायला हवी म्हणून चौथ्या ओळीखाली एक ओळ वाढवली, ‘ॲडव्हान्स’ नावाची. जुन्या फाइलच्या शेवटच्या ओळीत ती वजा होतेच.

चालवलं. सातवी ओळ, जी आता आठवी झाली होती, मुकाट गेली. मामांच्या पगाराचं नाव कंपायलरने बरोब्बर ओळखलं. मग पुढे,

‘ओळ ९: अॅडव्हान्स हे नाव माहीत नाही.’

या वेळी बाइट मोजायला लागले नाहीत. ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतःची जागा मिळाली २००८ साली. जुन्या हाताने सवयीप्रमाणे ‘अ’वर चंद्र काढलेला. मामा आपले उचल म्हणतात, आणि फाइल लिहिणाऱ्याला अॅडव्हान्सच हवा होता.

साडेचारचा गजर लावला.