उमेदवारी आणि लघुउद्योगांतील कौशल्याची टंचाई

'उमेदवार' हा शब्द आज निवडणुकीच्या संदर्भात अधिक ऐकू येतो. फारसी 'उमेद' म्हणजे आशा. तीवरून सिद्ध झालेल्या ह्या शब्दाचा मूलार्थ 'आशा धरणारा' असा होय. पुढे पक्की नोकरी मिळेल ह्या आशेवर अल्प वेतनात, प्रसंगी विनावेतन, काम शिकणे म्हणजे उमेदवारी, हा अर्थ मराठीत दीर्घकाळ रूढ आहे. लघुउद्योगांतील कुशल कामगारांच्या टंचाईचे मर्म ह्या अर्थातच सापडते.

परभणी जिल्ह्याचे उदाहरण घ्यावे. मानवत व सेलू ह्या तेथील कापसाच्या बाजारपेठा. हंगामात जिनिंगचे कारखाने चालू होतात. रूळ व पाते ह्यांची जुळणी बिघडली, तर सरकी फुटते आणि रुईचा दर्जा घसरतो. ही जुळणी केवळ ग्रंथवाचनाने साधत नाही. उस्तादाच्या हाताखालीच ती अंगवळणी पडते.

ह्या शिक्षणाचा भार मात्र विषमपणे पडतो. शिकविण्यात जाणारा वेळ आणि शिकताना होणारी नासधूस दुकानमालक सोसतो. शिकलेला मुलगा अधिक वेतनासाठी पुण्याच्या कारखान्यात गेला, तर त्याचे फळ दुसऱ्यास मिळते. म्हणून मालक शिकविण्यास कचरतो. मुलापाशीही वर्षानुवर्षांच्या श्रमानंतर प्रमाणपत्र नसते. म्हणून तोही येण्यास कचरतो. अशा रीतीने दोन्ही बाजूंची उमेद खचते.

१९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमाने जुना शब्द राखून त्यास करार, विद्यावेतन, परीक्षा व प्रमाणपत्र ह्यांची जोड दिली. परंतु २०१९ च्या सुधारित नियमांनुसार उमेदवार घेणे बंधनकारक आहे ते ३० वा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना. ४ ते २९ कामगारांच्या आस्थापनांना ते ऐच्छिक आहे. त्याहून लहान दुकान ह्या व्यवस्थेबाहेरच राहते. म्हणजे जेथे हस्तकौशल्य प्रत्यक्ष शिकविले जाते, नेमके तेथेच त्याची नोंद होत नाही.

ह्यावर उपाय दोन संभवतात. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेने सिद्धान्त शिकवावा आणि शेजारच्या अनेक दुकानांनी मिळून सराव द्यावा, हा एक; उस्तादाकडे शिकलेल्यांची परीक्षा घेऊन त्यांस प्रमाणपत्र द्यावे, हा दुसरा. २०१५ मध्ये आरंभ झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत पूर्वार्जित कौशल्यास मान्यता देण्याची तरतूद करण्यात आली. मात्र ती परीक्षा कामगाराच्या बोलीत व दुकानातील हत्यारांच्या परिचित नावांनीच घेतली पाहिजे. एरवी कौशल्याऐवजी परिभाषेचीच परीक्षा होईल.