‘मी का बेवडा हाओ का बे?’

एक पव्वा म्हणजे १८० मिली. व्हिस्की किंवा रमच्या बाटलीवर बहुतेक वेळा ४२.८ टक्के छापलेलं असतं. गुणाकार केला तर त्या एका पव्व्यात शुद्ध अल्कोहोल निघतं साधारण ६० ग्रॅम. आणि एका बैठकीत ६० ग्रॅम किंवा त्याहून जास्त, तेही महिन्यातून एकदा जरी झालं, तरी जागतिक आरोग्य संघटना त्याला अतिरेकी पिणं म्हणते. आपल्या रूमवरचा हिशेब मात्र असा असतो : ‘एक-एक पव्वा तर घेतला राव, जास्त कुठं?’

बिअरवाल्यांनी खूश व्हायचं कारण नाही. ६५० मिलीची ८ टक्केवाली स्ट्राँग बाटली घेतली की ४० ग्रॅम झाले. दीड बाटलीत पव्व्याची बरोबरी. यकृत तासाला साधारण आठ-दहा ग्रॅमच साफ करतं. म्हणजे रात्री एकला पार्टी संपली, तर सकाळी सातच्या प्रॅक्टिकलला बाइकवर निघालेल्याच्या रक्तात रात्रीची दारू अजून शिल्लक असू शकते. लिंबूपाणी, काळी कॉफी, थंड पाण्याची आंघोळ, यातल्या कशानेही हा वेग वाढत नाही.

हे सगळं गुरुकुंज मोझरीच्या निमित्ताने लिहायचं म्हटलं तर कुणी म्हणेल, तिथं कुठून आला हा विषय? राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ साली आश्रम उभारला ते हे गाव. इथं सामुदायिक प्रार्थना होते, आयुर्वेद महाविद्यालय आहे, आणि ग्रामगीतेत गावाच्या आरोग्यावर स्वतंत्र अध्याय आहे. हायवेने नागपूरकडे निघा, तिवसा ओलांडा, वर्धा नदी पार करा, की दारूबंदीचा वर्धा जिल्हा लागतो. उपदेश आणि कायदा, दोन्ही हाताशी असलेला हा पट्टा.

आणि याच पट्ट्यातल्या गावांमधून आपण रासेयोच्या शिबिरात व्यसनमुक्तीची फेरी काढतो. पथनाट्यात एक जण दारुड्या नवरा होतो, दुसरा त्याची बायको, गावातली पोरं हसून हसून लोळतात. फेरीचा उपयोग नाही असं मी म्हणणार नाही. ज्याने अजून सुरुवात केली नाही, त्याला ती नक्कीच थोपवत असेल. पण त्या फेरीत बेंबीच्या देठापासून घोषणा देणारा एखादा, मागच्या शनिवारी ढाब्यावर पव्वा संपवून ट्रिपल सीट आलेला असतो. तो ढोंगी नाही हो. त्याला मनापासून वाटतं, की घोषणा त्या नालीत पडलेल्या माणसासाठी आहे. पोस्टरवर कवटी असते, सुकलेला हात असतो, रडणारी बायको असते. याला त्यात स्वतःचं तोंड दिसत नाही. विचारलंच तर उत्तर ठरलेलं : ‘मी का बेवडा हाओ का बे?’

खरंच नसतो तो बेवडा. अडचण तीच आहे. आपल्याकडे न पिणाऱ्यासाठी संकल्प आहे आणि पार बुडालेल्यासाठी व्यसनमुक्ती केंद्र. मधल्या माणसासाठी काय आहे? रोज न पिणारा, पण पितो तेव्हा धोक्याचं पिणारा. भांडण, अपघात, बुडालेला पेपर, ‘काल काय झालं आठवतच नाही’ हे सगळं त्याच्याच वाट्याला येतं. त्या न आठवण्यावर तर कट्ट्यावर विनोद होतात. प्रत्यक्षात ती झोप नसते. माणूस चालत असतो, बोलत असतो, कधी गाडीही चालवत असतो, फक्त मेंदू नवी आठवण नोंदवणं बंद करतो. विनोद जरा जपूनच करावा.

या मधल्या माणसासाठी एक साधन कधीचंच तयार आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९८० च्या दशकात दहा प्रश्नांची यादी बनवली, नाव ‘ऑडिट’. किती वेळा घेता, एका वेळी किती, सुरू केल्यावर थांबता येत नाही असं झालं का, पिण्यामुळे तुम्हाला किंवा दुसऱ्या कुणाला दुखापत झाली का, घरच्यांनी किंवा मित्रांनी काळजी बोलून दाखवली का, असे प्रश्न. प्रत्येकाला शून्य ते चार गुण. बेरीज आठच्या खाली असेल तर धोका कमी. आठ किंवा जास्त म्हणजे पिणं धोक्याच्या वाटेला लागलंय. वीसच्या पुढे गेली तर थेट डॉक्टर. भरायला पाच मिनिटंही लागत नाहीत.

आता आपल्या कॉलेजात प्रथम वर्षाला आरोग्य तपासणी होते ती आठवा. वजन, उंची, डोळे, हिमोग्लोबिन, सही, पुढचा. त्याच कागदाला हे दहा प्रश्न जोडले तर? पैसा लागत नाही. लागतो तो विचारण्याचा मनसुबा, आणि ज्याची बेरीज आठच्या वर आली त्याच्याशी अर्धा तास बोलणारं माणूस.

बोलायचं कसं, हे महत्त्वाचं. ‘लाज नाही वाटत? बाप शेतात राबतो अन् तू...’ या सुरात सुरुवात झाली की पोरगा मान खाली घालून ऐकतो आणि बाहेर पडल्या पडल्या मित्राला फोन लावतो. त्याऐवजी : मागच्या महिन्यात किती वेळा बसले? त्या रात्री गाडी कुणी चालवली? पिण्यातलं तुला काय आवडतं? आणि काय नको वाटतं? पुढच्या शनिवारी एखादी गोष्ट वेगळी करायची झाली तर कोणती? उत्तर त्यानेच द्यायचं, आपण फक्त विचारायचं.

हे काही परदेशी खूळ नव्हे. आपलं विद्यापीठ ज्यांच्या नावाने आहे त्या गाडगेबाबांचं कीर्तन असंच चालायचं. बाबा समोर बसलेल्यांना एकामागून एक प्रश्न टाकायचे आणि लोक आपल्याच तोंडाने उत्तर द्यायचे. बाबांचे वडील झिंगराजी दारूपायी गेले, तेव्हा डेबू लहान होता. दारूवर संतापायचा हक्क त्यांच्याइतका कुणाला असेल? तरी त्यांनी माणसाला विचारतं केलं. डिग्रीच्या कागदावर आपण त्यांचं नाव मिरवतो, तर त्यांची पद्धत आरोग्य केंद्रात यायला काय हरकत आहे?

या पद्धतीने फरक पडतो का, हे गोव्यात तपासून झालंय. तिथल्या ‘संगाथ’ संस्थेने १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत धोक्याचं पिणाऱ्या ३७७ पुरुषांवर अभ्यास केला, तो २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. बोलणारे होते प्रशिक्षण दिलेले साधे लोक, मानसोपचाराची पदवी नसलेले. भेटी जास्तीत जास्त चार. तीन महिन्यांनी पाहिलं, तेव्हा समुपदेशन मिळालेल्यांपैकी ३६ टक्के जणांची ऑडिटची बेरीज आठच्या खाली आली होती. ज्यांना फक्त नेहमीचा उपचार मिळाला त्यांच्यात २६ टक्के. आणि मागचे १४ दिवस थेंबही न घेतलेले, ४२ विरुद्ध १८ टक्के. ते सगळे विद्यार्थी नव्हते हे खरं. पण अमेरिकेत वॉशिंग्टन विद्यापीठात ॲलन मार्लाट यांच्या चमूने हेच काम खास विद्यार्थ्यांसोबत केलं होतं, आणि पिण्यातून होणारं त्यांचं नुकसान चार वर्षांनंतरही कमी राहिलेलं दिसलं.

अशा गप्पांत एक आकडा हमखास कामी येतो. ‘सगळेच घेतात’ हे आपलं आवडतं वाक्य. एम्सच्या २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातले साधारण २७ टक्के पुरुष दारू घेतात असं दिसलं, स्त्रियांत दोन टक्क्यांच्याही आत. म्हणजे शंभर पुरुषांतले त्र्याहत्तर घेत नाहीत. आपल्याला फक्त आपला कट्टा दिसतो.

मग पोरं स्वतःहून का येत नाहीत? भीतीपोटी. महाराष्ट्रात व्हिस्की-रमसाठी वय २५ लागतं, सौम्य बिअरसाठी २१. बीएच्या पोराने पिणं कबूल करणं म्हणजे गुन्हाच कबूल करणं, आणि वॉर्डनच्या कानावर गेलं की घरी फोन. कागद वॉर्डनकडे जाणार असेल तर दहाही प्रश्नांना शून्य लिहिलं जाईल. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचार घेणाऱ्याला गोपनीयतेचा हक्क दिलाय, दारूशी जोडलेल्या आजारांसकट. कॉलेजने तो नोटीस बोर्डावर मोठ्या अक्षरात लावावा. एरवी कसल्या कसल्या नोटिसा लावतातच की!

ही भीती जीवावरही बेतते. पार्टीत कुणी हलवूनही उठत नाही, श्वास अडकत अडकत चाललाय, अंग गार पडलंय, ओठ निळे दिसतायत, तर ‘झोपू दे, सकाळी उतरंल’ म्हणायचं नाही. कुशीवर वळवा, म्हणजे उलटी घशात जाणार नाही, १०८ ला फोन लावा आणि एकटं सोडू नका. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाने २००२ मध्ये नियमच केला, की मित्रासाठी मदत बोलावणाऱ्यावर पिण्याबद्दल कारवाई नाही. आपल्या होस्टेलच्या नियमावलीत अशी एक ओळ घालायला किती शाई लागेल?

सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये सांगितलंय, की शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा, आणि छोट्या संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी जोडून घ्यावं. तुमच्या कॉलेजात ते माणूस कोण, कुठल्या खोलीत, किती वाजता भेटतं, हे ऑफिसात विचारा. तोपर्यंत टेली-मानस १४४१६ वर चोवीस तास मराठीतून बोलता येतं, व्यसनासाठी वेगळी हेल्पलाइन १४४४६. समोरासमोर भेटायचं तर अमरावतीत इर्विन आणि अकोल्यात सर्वोपचार रुग्णालय आहे. आणि ज्याला रोज लागते, सकाळी न घेतल्यास हात थरथरतात, त्याने एकदम मनाने सोडायची नाही. अचानक बंद केल्याने झटके येऊ शकतात. त्याने आधी डॉक्टरकडे जायचं, सोबत एखादा मित्र घेऊन.