पापणी लवण्याआधी

विसर्जनाची मिरवणूक पाहावयास आपण मुलाबाळांसह जातो. ढोल-ताशांचा गजर टिपेला पोचलेला असतो आणि गर्दीच्या डोक्यांवरून हिरव्या प्रकाशाची लखलखीत रेघ सरसरत जाते. वडिलांच्या खांद्यावरचे मूल तिच्याकडे टक लावून पाहत राहते. २०२३ सालच्या गणेशोत्सवानंतर राज्यातील काही नेत्रतज्ज्ञांकडे असे तरुण आले, ज्यांच्या दृष्टिपटलास लेसरच्या झोताने इजा झाली होती. पुढे पुण्यासह अनेक ठिकाणी पोलिसांनी अशा झोतांना मनाई केली. मनाई आवश्यकच होती. परंतु लेसर आता केवळ मिरवणुकीत राहिलेला नाही. जत्रेतील खेळण्यांतून तो आपल्या घरातही आला आहे.

वेदनेविना होणारी इजा

साध्या दिव्याचा प्रकाश चहूकडे पसरतो. लेसरचे किरण मात्र जवळजवळ समांतर, एकाच दिशेने जातात. असा किरण डोळ्यात शिरला की आपलेच नेत्रभिंग त्याला दृष्टिपटलावरील सूक्ष्म बिंदूवर एकवटते. तेथे त्याची तीव्रता सुमारे एक लाख पटींनी वाढू शकते. किरणाकडे रोखून पाहिल्यास हा बिंदू नेमका पीतबिंदूवर पडतो. आणि वाचणे, सुईत दोरा ओवणे, समोरच्याचा चेहरा ओळखणे ही सारी कामे पीतबिंदूच्याच बळावर चालतात. दृष्टिपटलास वेदना जाणवत नाही. त्यामुळे इजा होत असताना काहीच कळत नाही, आणि मृत झालेल्या प्रकाशपेशी पुन्हा निर्माण होत नाहीत.

पाव सेकंदाचा हिशेब

प्रखर प्रकाश पडताच पापणी सुमारे पाव सेकंदात मिटते. लेसरच्या आंतरराष्ट्रीय मानकातील वर्ग २ याच हिशेबावर आधारलेला आहे. या वर्गातील दृश्य लेसरची शक्ती १ मिलिवॅटपर्यंत असते. वर्ग ३आरची मर्यादा ५ मिलिवॅट, तर ३बीची ५०० मिलिवॅट आहे. त्यापुढील वर्ग ४ मध्ये परावर्तित प्रकाशही डोळ्यास घातक ठरतो. ३बी आणि ४ या वर्गांत पापणी मिटण्यापूर्वीच अनर्थ होऊ शकतो.

वर्ग २ सुद्धा हट्टाने रोखून पाहणाऱ्याचे रक्षण करू शकत नाही, आणि ‘कोण जास्त वेळ पाहतो’ अशा पैजा मुलेच लावतात. शिवाय अनेक हिरव्या लेसर पॉइंटरांमध्ये १०६४ नॅनोमीटरचे अदृश्य अवरक्त किरण आधी तयार होतात व त्यांपासून हिरवा प्रकाश मिळवला जातो. स्वस्त वस्तूत योग्य गाळणी नसेल, तर ते किरणही बाहेर पडतात. जे दिसतच नाही, त्यापुढे पापणी मिटणार कशी?

एलईडीचे काय?

पूर्वी एलईडीही लेसरच्याच मानकात मोडत असे. आता तिच्यासाठी दिव्यांचे स्वतंत्र मानक लागू होते. भारतात ते आयएस १६१०८ या क्रमांकाने स्वीकारलेले आहे. त्यात दिव्यांचे चार गट आहेत. निळ्या प्रकाशापुरते बोलायचे, तर मुक्त गटातील दिव्यापासून १०,००० सेकंदांपर्यंत, म्हणजे पावणेतीन तासांहून अधिक काळ, धोका नसतो. जोखीम गट १ साठी ही मर्यादा १०० सेकंद, तर गट २ साठी पुन्हा तोच पाव सेकंद आहे. गट ३ चा दिवा क्षणभरही घातक ठरू शकतो.

घरातील दुधी आवरणाचे दिवे सामान्यतः पहिल्या दोन गटांत येतात; त्यांची धास्ती बाळगू नये. मोबाईलच्या पडद्यानेही दृष्टिपटल भाजत नाही. त्याकडे पाहताना पापण्या कमी लवतात, म्हणून डोळे कोरडे पडतात. जपायचे ते उघड्या, प्रखर एलईडीला व शक्तिमान विजेरीला. लहान मुलांचे नेत्रभिंग अधिक पारदर्शक असल्याने त्यातून निळा प्रकाश जास्त प्रमाणात आत जातो.

आपण एवढे करावे

- लेसर पॉइंटर मुलांना खेळावयास देऊ नये. वर्ग व शक्ती छापलेली नसेल, तर ती वस्तू घेऊच नये.
- लेसर कोणाच्या तोंडावर, वाहनावर किंवा आरशावर रोखू नये.
- मिरवणुकीत झोत गर्दीवर फिरत असल्यास मुलांचे तोंड वळवावे व तेथून दूर व्हावे.
- दिवा घेताना भारतीय मानक ब्युरोची खूण पाहावी.
- झोत डोळ्यात गेल्यावर नजरेच्या मध्यभागी काळा डाग दिसू लागला, सरळ रेषा वाकड्या भासल्या किंवा अंधूक दिसू लागले, तर डोळा चोळू नये, मनाने थेंब घालू नयेत. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे. एकेक डोळा झाकून पाहिल्यास दोष लवकर ध्यानात येतो.

पापणी ही निसर्गाने दिलेली राखणदार खरी. परंतु तिचा वेग पाव सेकंदाचा आहे. त्याहून वेगवान संकटापासून मुलांना वाचवावयाचे, तर त्यांच्या पापणीआधी आपण सावध असावयास हवे.