नगररचनाकाराचे पदवीनंतरचे शिक्षण

शहराचा विकास आराखडा साधारण वीस वर्षांसाठी केला जातो. तो करणाऱ्या नगररचनाकाराची पदवी अनेकदा त्याहूनही जुनी असते. मधल्या काळात कायदे बदलतात, मोजणीची साधने बदलतात, शहराची हद्द वाढते, आणि वर्गात शिकलेले बरेचसे ज्ञान शिळे होते. डॉक्टर किंवा वकिलाच्या बाबतीत हे लोकांच्या लगेच लक्षात येते, कारण चूक एका माणसाच्या वाट्याला येते आणि ती दिसते. आराखड्यातील चूक मात्र हजारो लोकांना पिढ्यान्‌पिढ्या सोसावी लागते, आणि ती कोणाची हेही कळत नाही. म्हणून नगररचनाकार नोकरीला लागल्यावर कोठून, कोणाकडून आणि कसे शिकतो हा प्रश्न त्या व्यवसायापुरता राहत नाही.

महाराष्ट्रातील अगदी अलीकडचे उदाहरण घेता येईल. डिसेंबर २०२० पर्यंत राज्यातील महानगरपालिका आणि नगरपालिकांच्या विकास नियंत्रण नियमावल्या वेगवेगळ्या होत्या. त्या महिन्यात मुंबई आणि काही मोजके भाग वगळून सर्व राज्याला एकच एकत्रीकृत नियमावली लागू झाली. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला ‘यूडीसीपीआर’ म्हणतात. पूर्वी बाल्कनी, जिना, लिफ्ट अशा गोष्टींचे क्षेत्र चटईक्षेत्राच्या हिशेबातून वगळले जाई आणि त्यासाठी प्रत्येक ठिकाणी वेगळी सवलत, वेगळे अधिमूल्य असे. नव्या नियमावलीने हे सारे हिशेबात धरले आणि त्याच्या बदल्यात अनुषंगिक चटईक्षेत्राची तरतूद केली. निवासी इमारतीला ते ६० टक्क्यांपर्यंत आणि अनिवासी इमारतीला ८० टक्क्यांपर्यंत मिळते. म्हणजे नकाशा तपासण्याची रीतच बदलली. वीस वर्षे जुन्या पद्धतीने नकाशे तपासणाऱ्या रचना सहायकाला आणि ते सादर करणाऱ्या वास्तुविशारदाला पुन्हा पाटीवर अक्षरे गिरवावी लागली. हे शिकणे पुस्तकापेक्षा एकमेकांना विचारूनच जास्त झाले. एका नगरपरिषदेत एखाद्या कलमाचा जो अर्थ लावला, तोच शेजारच्या नगरपरिषदेत लावला जातो की नाही, हे फोन करूनच समजते.

असे शिकत राहणे काही देशांत सक्तीचे आहे. ब्रिटनमधील ‘रॉयल टाऊन प्लॅनिंग इन्स्टिट्यूट’ ही संस्था १९१४ ची. तिच्या सनदी सदस्याला दर दोन वर्षांत किमान ५० तास व्यावसायिक शिक्षणासाठी द्यावे लागतात. अमेरिकेत प्रमाणित नियोजकाला दोन वर्षांत ३२ श्रेयांक मिळवावे लागतात, त्याशिवाय प्रमाणपत्र टिकत नाही. भारतात अशी अट नाही. वास्तुविशारदांसाठी १९७२ चा कायदा आहे आणि त्यातून उभी राहिलेली परिषद आहे. नोंदणीशिवाय कोणी स्वतःला वास्तुविशारद म्हणवू शकत नाही. नगररचनाकारांसाठी तसा केंद्रीय कायदा झालेला नाही.

याचा परिणाम नीती आयोगाने सप्टेंबर २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात दिसतो. देशातील ७,९३३ नागरी वस्त्यांपैकी ६५ टक्के वस्त्यांना कोणताही आराखडा नाही, असे तो सांगतो. राज्यांच्या नगररचना खात्यांत बारा हजारांहून अधिक नगररचनाकारांची गरज असताना तेव्हा मंजूर पदे चार हजारांच्याही आत होती आणि त्यांतील जवळपास निम्मी रिकामी होती. अनेक राज्यांत या पदांसाठी नियोजनाची पदवी आवश्यकच नाही. स्थापत्य अभियंता किंवा वास्तुविशारद नोकरीत येतो आणि नगररचना नोकरीतच शिकतो. अशा माणसाला पदवीनंतरचे शिक्षण हा जादा लाभ नसतो. त्याचे नगररचनेचे पहिले शिक्षणच ते असते.

ते मिळण्याची ठिकाणे थोडी असली तरी जुनी आणि भक्कम आहेत. ‘इन्स्टिट्यूट ऑफ टाऊन प्लॅनर्स, इंडिया’ ही व्यावसायिकांची संस्था ८ जुलै १९५१ रोजी दिल्लीत स्थापन झाली. ब्रिटिश संस्थेच्या धर्तीवर ती उभी राहिली. तिची सदस्यत्वाची परीक्षा आहे, नियतकालिक आहे, राज्यांत शाखा आहेत आणि दरवर्षी वेगवेगळ्या शहरांत भरणारी राष्ट्रीय परिषद आहे. विद्यार्थ्यांनाही सदस्य होता येते. मुंबईची अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्था १९२६ पासून पालिका कर्मचाऱ्यांना शिकवत आली आहे. पुण्यात ‘यशदा’ ही राज्याची प्रशासकीय प्रशिक्षण संस्था आहे, दिल्लीत १९७६ पासून राष्ट्रीय नगरविकास संस्था आहे. पुण्याचे सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठ, नागपूरचे व्हीएनआयटी, अहमदाबादचे सेप्ट, दिल्ली, भोपाळ आणि विजयवाडा येथील ‘स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर’ या संस्थांतून पदव्या मिळतात, आणि त्यांचे माजी विद्यार्थी एकमेकांना धरून राहतात. अडल्या वेळी कामाला येतात ते बहुधा हेच वर्गमित्र.

नगररचना ही विद्या भारतात आली तीच मुळी माणसांच्या मैत्रीतून. स्कॉटलंडचे नगररचनाकार पॅट्रिक गेडिस १९१४ मध्ये भारताकडे निघाले, तेव्हा त्यांनी अनेक वर्षे जमवलेले शहरांविषयीचे प्रदर्शन, म्हणजे नकाशे, चित्रे, छायाचित्रे, ‘क्लॅन ग्रँट’ या बोटीने वेगळे पाठवले होते. महायुद्ध सुरू झाले होते. जर्मन युद्धनौका ‘एमडेन’ने ती बोट बुडवली. आयुष्याचे काम समुद्राच्या तळाशी गेले. पण युरोपातील स्नेह्यांनी आणि सहकाऱ्यांनी आपापल्या संग्रहातून नवे नकाशे आणि चित्रे गोळा करून पाठवली, आणि १९१५ च्या आरंभी मद्रासमध्ये प्रदर्शन भरले. त्याच वर्षी गेडिस यांनी मुंबई इलाख्यातील सहा शहरांच्या पुनर्रचनेवर अहवाल लिहिला. १९१९ मध्ये ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचे प्राध्यापक झाले. जुनी वस्ती पाडून रुंद रस्ते काढण्याआधी गल्लीगल्लीतून पायी फिरा, कोणते घर, कोणती विहीर, कोणते झाड वाचवता येईल ते पाहा, हा त्यांचा आग्रह आजही कोणत्याही प्रशिक्षणवर्गात पहिल्या दिवशी सांगण्याजोगा आहे.

मुंबई इलाख्याचा नगररचना कायदाही १९१५ चाच, आणि देशातला पहिला. त्याने ‘टीपी स्कीम’ म्हणजे नगररचना योजनेची पद्धत आणली. एखाद्या भागातील सर्व शेतजमिनी कागदावर एकत्र करायच्या, त्यातून रस्ते, बागा, शाळा यांची जागा काढायची आणि उरलेली जमीन चौकोनी, रस्त्याला लागून असलेल्या अंतिम भूखंडांच्या रूपाने मूळ मालकांना परत द्यायची. जमीन कमी होते, पण तिचे मोल वाढते, आणि त्या वाढीतील काही भाग पालिकेला मिळतो. वांद्रे, सांताक्रूझ, विलेपार्ले येथील पत्त्यांत ‘टीपीएस’ ही अक्षरे आजही दिसतात, ती याच पद्धतीची खूण. पुढे महाराष्ट्राची वाट वेगळी झाली. विकास आराखड्यात आरक्षण टाकायचे आणि मग जमीन संपादन करायची, हीच रीत रूढ झाली, आणि पैशाअभावी असंख्य आरक्षणे नुसती नकाशावर राहिली. गुजरातने जुनी पद्धत सोडली नाही. उलट १९९९ मध्ये कायदा सुधारून, मसुदा योजना मंजूर होताच रस्त्यांची जमीन ताब्यात घेण्याची सोय केली. त्यामुळे अहमदाबादचे नवे भाग आणि बाहेरचा वर्तुळाकार रस्ता उभे राहिले.

अलीकडे महाराष्ट्र पुन्हा या पद्धतीकडे वळला आहे. नवी मुंबई विमानतळाभोवतीच्या ‘नैना’ क्षेत्रात सिडकोने आणि पुण्याजवळ म्हाळुंगे-माण येथे महानगर प्राधिकरणाने अशा योजना हाती घेतल्या. एकेकाळी मुंबई इलाख्याने दिलेली विद्या आता महाराष्ट्राला शेजाऱ्याकडून परत शिकावी लागते आहे, आणि ती कलमे वाचून येत नाही. अंतिम भूखंड आखताना कोणत्या शेतकऱ्याची जमीन कोठे सरकवली, त्याच्या विहिरीचे काय केले, भावाभावांच्या सामाईक सातबाऱ्यावर एक भूखंड द्यायचा की तीन, हे प्रश्न ज्याने सोडवले आहेत त्याच्या शेजारी बसूनच समजतात. अहमदाबादमध्ये मालकाकडे साधारण साठ टक्के जमीन राहते. नैनात चाळीस टक्के जमीन वाढीव चटईक्षेत्रासह परत देण्याचे सूत्र ठरले. हा फरक शेतकऱ्याला पटवून देणे हेही नगररचनाकाराचेच काम असते. ते त्याला कोणत्याही अभ्यासक्रमात शिकवलेले नसते.

व्यावसायिक संपर्क म्हणजे फक्त नगररचनाकारांनी नगररचनाकारांना भेटणे नव्हे. नवी मुंबईची कल्पना सरकारी खात्यात जन्मली नाही. मुंबई महापालिकेने १९६४ मध्ये विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध केला, तेव्हा वास्तुविशारद चार्ल्स कोरिया व प्रवीणा मेहता आणि अभियंता शिरीष पटेल या तिघांनी खाडीपलीकडे नवे शहर वसवण्याची सूचना मांडली. १९६५ मध्ये ‘मार्ग’ या कलाविषयक नियतकालिकाने ती छापली. पुढे अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीनेही पलीकडच्या भूमीवर वसाहत करण्याची शिफारस केली आणि मार्च १९७० मध्ये सिडको स्थापन झाली. दोन वास्तुविशारद, एक अभियंता, एक संपादक आणि एक अर्थतज्ज्ञ यांच्या विचारांची सांगड बसली नसती, तर त्या शहराचा इतिहास वेगळा झाला असता.

उलट उदाहरणही मुंबईचेच आहे. २०१४ ते २०३४ या काळासाठीच्या विकास आराखड्याचा मसुदा फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात कित्येक ठिकाणी उभ्या इमारतींवरून रस्ते आखलेले होते, वारसा वास्तूंच्या नोंदी गळल्या होत्या. नागरिक, वास्तुविशारद, स्वयंसेवी संस्था यांनी नकाशांचे एकेक पान तपासले आणि हरकतींचा पाऊस पाडला. एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी मसुदा नव्याने करण्याचा आदेश दिला. सुधारित आराखडा मंजूर व्हायला २०१८ साल उजाडले. विद्यमान जमीन वापराच्या नकाशातील पिवळा, निळा, लाल रंग प्रत्यक्ष जागेवर जाऊन पडताळला असता आणि वस्तीतील माणसांना आधीच विचारले असते, तर यातील बऱ्याच चुका टळल्या असत्या. हरकती व सूचनांची सुनावणी हा कायद्यातील सोपस्कार मानला जातो. खरे तर शहराची माहिती फुकट देणारा इतका मोठा वर्ग नगररचनाकाराला दुसरीकडे कोठे भेटणार?

देशाबाहेरच्या वाटाही मोकळ्या आहेत. १९६५ मध्ये स्थापन झालेली ‘इसोकार्प’ ही शहर व प्रादेशिक नियोजकांची आंतरराष्ट्रीय संघटना दरवर्षी निरनिराळ्या देशांत जागतिक परिषद भरवते, आणि संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने जागतिक नागरी मंच भरतो. ८ नोव्हेंबर हा जागतिक नगररचना दिन १९४९ पासून पाळला जातो. पण प्रवास आणि निवासाचा खर्च पाहता तेथे जाणारे बहुधा मोठ्या सल्लागार कंपन्यांतील आणि विद्यापीठांतील असतात.

अडचण दुसऱ्या टोकाला आहे. राज्यातील लहान नगरपरिषदांत नगररचनेचे काम एखाद्या रचना सहायकावर असते. बांधकाम परवानग्या, झोन दाखले, अतिक्रमणाच्या तक्रारी, न्यायालयीन प्रकरणांची उत्तरे हे सारे त्याच्याच टेबलावर येते. परिषदेसाठी दोन दिवस सोडायला मुख्याधिकारी कचरतात, कारण मागे काम पाहणारे कोणी नसते. व्यावसायिक संस्थेची वर्गणी त्याने स्वतःच्या खिशातून भरायची असते, आणि प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र बढतीच्या वेळी फारसे कोणी पाहत नाही. आराखडे नसलेल्या वस्त्या बहुतांश याच आकाराच्या आहेत, म्हणजे शिकण्याची गरज जेथे सर्वांत जास्त तेथेच ती सोय सर्वांत कमी आहे. नीती आयोगाने नियोजकांसाठी वैधानिक राष्ट्रीय परिषद आणि नियोजकांची नोंद ठेवणारा राष्ट्रीय डिजिटल मंच सुचवला आहे. त्यासाठीचा कायदा होईल तेव्हा होईल. तोपर्यंत नगरपरिषदांच्या अंदाजपत्रकात रचना सहायकाच्या प्रशिक्षणासाठी आणि प्रवासासाठी वेगळी तरतूद असावी, त्याला वर्षातून एकदा तरी दुसऱ्या शहरातील आराखड्याचे काम पाहायला पाठवावे, आणि त्याच्या सेवापुस्तकात या शिक्षणाची नोंद व्हावी. एवढे करायला कोणत्याही नव्या कायद्याची गरज नाही. नगरसेवकांनी अंदाजपत्रकाच्या सभेत मागणी केली तरी पुरे.