रॅमच्या आकड्यापलीकडे

पवईच्या आयआयटी मुंबईतील ‘फॉसी’ प्रकल्प उच्च शिक्षणात मुक्तस्रोत सॉफ्टवेअरचा प्रसार करतो. मात्र अंधेरी किंवा घाटकोपरच्या दुकानात लिनक्स या मुक्तस्रोत कार्यप्रणालीसाठी लॅपटॉप निवडणाऱ्या विद्यार्थ्याची अडचण बहुधा प्रोसेसरपाशी नव्हे, तर वायफायच्या चिपपाशी सुरू होते. चिपकडून काम करवून घेणाऱ्या प्रोग्रामला ड्रायव्हर म्हणतात. इंटेलच्या वायफाय चिपांचे ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नेलमध्येच असतात, तर ब्रॉडकॉमच्या काही चिपांसाठी ते वेगळे उतरवून घ्यावे लागतात, आणि तेही इंटरनेटवरून, जे वायफायअभावी मिळायचे कसे! चिपच्या आत चालणारे फर्मवेअर तर बहुधा बंदिस्तच असते. लिनक्सच्या डेबियन या वितरणाने ते आपल्या अधिकृत इन्स्टॉलरमध्ये घेतले ते २०२३ मधील बाराव्या आवृत्तीपासून. दुकानदार राजी असल्यास पेनड्राइव्हवरून लिनक्स तात्पुरते सुरू करून वायफाय, आवाज आणि झाकण मिटल्यावरची निद्रावस्था खरेदीपूर्वीच तपासता येते.